मैदानात बसलेल्या प्रेक्षकासाठी तंत्रज्ञान आखताना

गोल झाला किंवा विकेट पडली, की अख्खं स्टेडियम एका सेकंदात उभं राहतं आणि पुढच्या पाच सेकंदांत हात खिशात जातात. कुणाला रिप्ले बघायचा असतो, कुणाला व्हिडिओ पाठवायचा असतो, कुणाला नुसतं ‘पाहिलंस का?’ एवढंच लिहायचं असतं. घरून सामना बघणारे लाखो असले तरी ते हजारो टॉवरांवर विखुरलेले असतात. इथे पन्नास हजार माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली असतात आणि सगळ्यांना तेच, त्याच क्षणी हवं असतं. मैदानात जाऊन सामना बघण्याची सगळी मजा या ‘त्याच क्षणी’मध्ये आहे, आणि प्रेक्षकांसाठी केलेली यंत्रणा कोसळते तीही त्याच क्षणी. ॲप असो, मनगटावरचा दिवा असो की मोठ्या पडद्यावरचा खेळ, आखणीतला प्रत्येक निर्णय या एका गोष्टीवर घासून बघावा लागतो.

मोकळा वेळ किती आहे?

कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी घड्याळ घेऊन त्या खेळाचे दोन-तीन सामने बघावेत आणि खेळ थांबतो कधी, किती वेळ थांबतो, हे टिपून ठेवावं. टेनिसमध्ये दोन पॉइंटच्या मध्ये २५ सेकंद, बाजू बदलताना ९० सेकंद आणि सेट संपल्यावर १२० सेकंद मिळतात. आंतरराष्ट्रीय एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी क्रिकेटमध्ये २०२४पासून षटक संपल्यावर ६० सेकंदांच्या आत पुढचा चेंडू टाकायला तयार असावं लागतं, म्हणजे तिथे सवड मिनिटाची. फुटबॉल ४५ मिनिटं जवळजवळ अखंड चालतो आणि मग १५ मिनिटांचं मध्यंतर होतं. कबड्डीत चढाई ३० सेकंदांची आणि ती संपताच समोरून दुसरी. टाइमआउट आणि मध्यंतर सोडलं तर प्रेक्षकाला मान खाली घालायला जागाच नाही.

या वेळेतून फोन काढण्याचा वेळ वजा करायचा. खिशातून फोन बाहेर, लॉक उघडणं, ॲप समोर येणं, जोडणी होणं आणि प्रश्न वाचणं यात दहा-पंधरा सेकंद सहज जातात. खेळाडू पुन्हा जागेवर येऊ लागले की लोकांची नजर वर जाते, तेव्हा शेवटची दहा सेकंदंही आपली नसतात. मिनिटभराच्या थांब्यात हाती उरतात पस्तीस सेकंद. त्यात एक प्रश्न, दोन ते चार पर्याय, अंगठ्यानं चुकता न येणारी मोठी बटणं, एवढंच मावतं. दोन चेंडूंमधल्या वेळात फोनवर काहीही ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. त्या वेळात प्रेक्षक क्षेत्ररक्षण कसं बदललं ते बघतो, शेजाऱ्याशी बोलतो. तो वेळ रिकामा नसतो, खेळाचाच असतो.

हे प्रत्यक्षात आणायला ॲपला खेळाची अवस्था कळली पाहिजे. तीन अवस्था पुरतात: खेळ चालू, छोटा थांबा, मोठा थांबा. ती बदलण्याचं बटण गुणलेखकाशेजारी बसलेल्या माणसाच्या हातात द्यावं. स्कोअरच्या फीडवरून आपोआप ठरवायला गेलं की फीड पाच-दहा सेकंद मागे असतो आणि चेंडू हवेत असताना फोन थरथरतो. ‘खेळ चालू’ असेल तेव्हा स्क्रीनवर फक्त धावफलक राहावा, हलणारं काहीही नसावं.

पुढच्या षटकाच्या पहिल्या चेंडूवर काय होईल असा अंदाज विचारणार असाल तर मतदान गोलंदाज धावू लागताच बंद झालं पाहिजे आणि वेळ सर्व्हरचीच धरली पाहिजे. आवडनिवड विचारणाऱ्या साध्या प्रश्नाला, गर्दीत नेटवर्क रेंगाळतं म्हणून, बंद झाल्यावर दोन-तीन सेकंदांची सूट द्यायला हरकत नाही. उत्तर मैदानावर उघड होणार असेल तिथे अशी सूट म्हणजे फसवणुकीला दार उघडं. आणि मतदान चालू असताना आकडे दाखवू नयेत. पुढे असलेल्या पर्यायाकडे लोक झुकतात आणि निकाल पहिल्या पाच सेकंदांत मत देणाऱ्यांचा होतो. दोन स्टँडमध्ये चढाओढ लावायची असेल तर एकूण मतं नकोत, त्या स्टँडमधल्या जोडलेल्या फोनांपैकी किती टक्के, असं मोजावं. तसं केलं नाही तर मोठा स्टँड दर वेळी जिंकतो आणि छोट्या स्टँडमधली माणसं तिसऱ्या प्रश्नाला हात वर करणं सोडून देतात.

फोन न लागणारे खेळ

१९९१मध्ये अमेरिकेतल्या सिग्राफ या संगणक-चित्रांच्या परिषदेत लॉरेन कार्पेंटर यांनी हजारो प्रेक्षकांच्या हाती एका बाजूनं लाल आणि दुसऱ्या बाजूनं हिरव्या, प्रकाश परत फेकणाऱ्या पट्ट्या दिल्या. कॅमेरा सभागृहातला लाल-हिरवा मोजत होता आणि त्यावरून पडद्यावरच्या पाँग या टेबल टेनिससारख्या खेळातली फळी वर-खाली सरकत होती. कुणी नेता नव्हता, सूचनाही जवळजवळ नव्हत्या. सभागृह काही क्षणांत खेळायला शिकलं. प्रेक्षकांच्या सहभागाविषयी विचार करताना मी अजूनही याच प्रयोगापासून सुरुवात करते. बॅटरी नाही, जोडणी नाही, लॉगिन नाही, आणि प्रत्येकाची नजर वरच आहे.

टेनिसमध्ये चेंडू आत की बाहेर हे दाखवणारं चलच्चित्र पडद्यावर चालू व्हायचं तेव्हा प्रेक्षक तालात टाळ्या वाजवू लागायचे. ती यंत्रणा पंचांच्या निर्णयासाठी होती, पण चेंडू टप्प्याकडे हळूहळू जाताना दाखवणं या एका निवडीनं तिनं प्रेक्षकांना सामील करून घेतलं. २०२२च्या फुटबॉल विश्वचषकात ऑफसाइडसाठी छताखाली १२ कॅमेरे होते, चेंडूतला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवत होता, आणि निर्णयाचं त्रिमितीय चित्र स्टेडियमच्या पडद्यावरही दाखवलं जात होतं. २०२३च्या महिला फुटबॉल विश्वचषकात पंच व्हिडिओ तपासणीनंतरचा निर्णय माइकवरून मैदानात बोलून सांगू लागले. मैदानातल्या माणसाचं सगळ्यात जुनं गाऱ्हाणं ‘आत्ता नेमकं काय चाललंय?’ हे आहे. त्याला उत्तर देणारी साधी सोय दहा चमकदार खेळांपेक्षा जास्त समाधान देते. रग्बीत पंचांचं बोलणं ऐकवणारा छोटा रेडिओ कानात घालून बसलेले प्रेक्षक बरीच वर्षं दिसतात, ते याच कारणानं.

कॅमेऱ्यानं गर्दीची हालचाल मोजून पडद्यावर खेळ करायचा असेल तर काही गोष्टी आधी बघाव्यात. ऊन-सावलीची रेघ स्टँडवरून सरकते आणि फरक मोजणारा साधा प्रोग्राम तिलाच हालचाल समजतो. म्हणून प्रत्येक ब्लॉकचा उजेड वेगळा बेतावा. कॅमेऱ्यापासून पडद्यापर्यंतचा उशीर पाव सेकंदाच्या आत ठेवावा. अर्ध्या सेकंदाच्या पुढे गेला की गर्दी जास्तच झुकते, फळी पलीकडे जाते, मग सगळे उलटे झुकतात आणि खेळ डोलत राहतो. चेहरे ओळखण्याची या कामाला मुळीच गरज नाही. चित्र जागीच मोजून टाकून द्यावं, साठवूच नये.

सर्वांत जोरात ओरडणारा स्टँड शोधण्याचे खेळ मात्र मला पसंत नाहीत. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचं एक प्रचलित प्रमाण ८५ डेसिबलला आठ तास धरतं आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करतं. म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. भरलेलं स्टेडियम ही पातळी सहज ओलांडतं आणि तिथे लहान मुलं असतात. त्यातून ध्वनिक्षेपक चालू असताना माइक मोजतो तो ध्वनिक्षेपकाचाच आवाज.

नेटवर्क

इथे थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण बहुतेक योजना इथेच मोडतात.

माणसाच्या शरीरात पाणी आहे आणि वायफायच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. रिकाम्या स्टेडियममध्ये घेतलेली चाचणी म्हणूनच खोटी ठरते. खुर्च्या भरल्या की सिग्नल बदलतो. छतावरून किंवा समोरून येणारा सिग्नल डोक्यांवरून जातो म्हणून त्याला एकाच दिशेला रोखलेले अँटेना लागतात. खुर्चीखाली किंवा कठड्यात बसवलेला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय सोडणारी पेटी, याच्या उलट, शरीरांच्या आडोशाचा फायदा घेतो. त्याचा पल्ला आपोआप काही रांगांपुरता राहतो आणि तोच चॅनेल थोड्या अंतरावर पुन्हा वापरता येतो. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच असतात, १, ६ आणि ११. इतक्या दाटीत त्यांच्यावर भरवसा ठेवू नये. ५ गिगाहर्ट्झमध्ये २० मेगाहर्ट्झ रुंदीचे चॅनेल देशाच्या नियमांनुसार वीस-पंचवीस मिळतात. ४० किंवा ८० मेगाहर्ट्झची रुंदी घरी वेग देते, स्टेडियममध्ये चॅनेल खाऊन टाकते. इथे २०च ठेवावी. नेटवर्कची नावं एक-दोनच असावीत, कारण प्रत्येक ॲक्सेस पॉइंट प्रत्येक नावाची हाक सेकंदाला सुमारे दहा वेळा देतो. ही हाक चालू असलेल्यांपैकी सर्वांत मंद वेगानं जाते. म्हणून १, २, ५.५ आणि ११ मेगाबिटचे जुने वेग बंद करून किमान वेग १२ किंवा २४ ठेवला की हवेतली बरीच जागा मोकळी होते.

दुसरी अडचण पत्त्यांची, म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक फोनला मिळणाऱ्या आयपी क्रमांकांची. २५४ पत्त्यांचा छोटा विभाग ठेवून पन्नास हजारांना बोलावलं तर पहिला सामना सुरू होण्याआधीच पत्ते संपतात. त्यात हल्लीचे फोन आपली ओळख बदलत राहतात, त्यामुळे एकाच फोनला दुसरा पत्ता जातो आणि पहिला अडकून बसतो. पत्त्यांचा साठा प्रेक्षकसंख्येहून मोठा ठेवावा आणि मुदत तास-दोन तासांची. त्यापुढे बाहेर जाण्याचं दार: एका सार्वजनिक पत्त्यावर सुमारे ६५ हजार पोर्ट, म्हणजे जोडण्यांचे क्रमांक, असतात आणि एक फोन सहज शंभर जोडण्या उघडतो. साधा हिशेब केला तर एका पत्त्यामागे पाच-सहाशे फोन. पन्नास हजारांना शंभराच्या आसपास पत्ते लागतात, नाहीतर आयपीव्ही-सिक्स ही भरपूर पत्ते असलेली नवी पद्धत.

याचाच एक परिणाम फार उशिरा लक्षात येतो. तुमच्या सर्व्हरला हजारो विनंत्या एकाच पत्त्यावरून येताना दिसतात, संरक्षण यंत्रणा त्याला हल्ला समजते आणि अख्खा स्टँड बंद करते. ॲप घरी चालतं, ऑफिसात चालतं, मैदानात ‘काहीतरी चुकलं’ म्हणतं. सामन्याआधी स्टेडियमचे सगळे बाहेरचे पत्ते या यंत्रणेच्या परवानगीच्या यादीत टाकलेले असणं ही पहिल्या पानावरची गोष्ट आहे.

आता वजनाचा हिशेब. एक ताजी माहिती २ किलोबाइटची असेल आणि ती पन्नास हजार फोनांना एका सेकंदात द्यायची असेल तर १०० मेगाबाइट, म्हणजे सेकंदाला ८०० मेगाबिट. तिच्याबरोबर १०० किलोबाइटचं चित्र जोडलं की तेच ४० गिगाबिट होतं. म्हणून चित्रं, अक्षरं, आवाज, खेळाडूंचे फोटो हे सगळं तिकीट घेतल्यावर घरच्या नेटवर्कवर उतरवून घ्यायला लावावं आणि मैदानात फक्त ‘चित्र क्रमांक १७ दाखव’ एवढा निरोप पाठवावा. २०० बाइटमध्ये तो बसतो. फोननं दर ५ सेकंदांनी सर्व्हरला विचारत राहायचं ठरवलं तर सेकंदाला १० हजार विनंत्या होतात, त्याही बहुतेक ‘काही बदललं नाही’ ऐकण्यासाठी. एक जोडणी उघडी ठेवून सर्व्हरनं निरोप ढकलणं बरं. पण मध्यंतरात सगळे उठून चालू लागतात, ॲक्सेस पॉइंट बदलतात, जोडण्या तुटतात आणि सगळे फोन एकदम परत जोडू बघतात. इथे प्रत्येक फोननं शून्य ते तीस सेकंदांतला कुठलाही एक आकडा निवडून तेवढं थांबावं, आणि पुन्हा फसलं तर थांबा दुप्पट करावा. दोन ओळींचा हा कोड नसल्यामुळे सर्व्हर पडतात, उठतात आणि उठताक्षणी पुन्हा पडतात.

आणि ज्या गोष्टी करूच नयेत: एसएमएसवर येणाऱ्या संकेतांकानं लॉगिन, कारण तो येईपर्यंत षटक संपतं, सगळ्यांना एकाच वेळी सूचना पाठवून ॲप उघडायला लावणं, कारण ती आपणच आपल्यावर सोडलेली झुंड असते, शिवाय सूचना वेळेवर पोचेल याची हमी कुणी देत नाही, आणि वायफायवर एकच प्रवाह सर्वांना सोडणं, कारण तो सर्वांत मंद वेगानं जातो आणि हरवलेला तुकडा पुन्हा पाठवला जात नाही. वर पाठवण्याच्या वाटेचाही विचार ठेवावा. मैदानात लोक बघतात त्याच्या बरोबरीनं पाठवतात. तुमचं मत नेमकं त्या व्हिडिओंच्या मागे रांगेत उभं असतं.

दिव्यांचा स्टँड

हजारो दिव्यांनी स्टँडभर चित्र उमटवणं हा या क्षेत्रातला सर्वांत देखणा प्रकार. २०१४च्या सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, मध्यंतरात प्रेक्षकांच्या विणलेल्या टोप्यांवर दिवे होते आणि अख्खे स्टँड पडदा झाले होते. पिक्समॉबसारख्या यंत्रणेत अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांचे झोत स्टँडवरून फिरवतात आणि झोत प्रेक्षकाच्या ज्या दिव्याच्या बिल्ल्यावर पडेल तो सांगितलेला रंग दाखवतो. कोण कुठे बसलंय याची त्याला फिकीर नाही. लोकांनी जागा बदलल्या तरी चित्र जागेवर राहतं. पण झोताला थेट नजर लागते, हात खाली असला की बिल्ला आंधळा, आणि भर उन्हात सूर्याचे अवरक्त किरण सगळं धुऊन टाकतात. रेडिओवर चालणाऱ्या मनगटावरच्या पट्ट्यांना आडोसा चालतो, पण त्या गटांत आधी वाटलेल्या असतात. एका ब्लॉकची पेटी दुसऱ्या ब्लॉकमध्ये गेली की चित्राला भोक पडतं. पेट्यांवर ब्लॉकचा क्रमांक चारही बाजूंनी ठळक लिहावा, वाटणारे घाईत असतात.

बॅटरीकडेही लक्ष हवं. सीआर२०३२ या नाण्याएवढ्या सेलमध्ये २२० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास साठा असतो, त्यामुळे कागदावर वेळ भरपूर दिसतो. पण सेल ३ व्होल्टचा आणि निळ्या एलईडीलाही जवळजवळ ३ व्होल्ट लागतात, लालला सुमारे २. सेल दमला की निळा आधी मंदावतो आणि पांढरा रंग पिवळा, मग तांबूस दिसू लागतो. शेवटच्या अर्ध्या तासात पांढरं चित्र असेल तर दोन सेल जोडून घ्यावेत. बाहेर पडताना पट्ट्या परत टाकायला पेटी ठेवावी. हजारो सेल कचऱ्यात जाऊ देणं बरोबर नाही.

प्रेक्षकांचेच फोन वापरायचे तर वेळ जुळवणं हाच खरा पेच. ‘आत्ता पेटव’ असा हुकूम कधीही पाठवू नये. तो कुणाला ४० मिलिसेकंदांत मिळतो, कुणाला ४ सेकंदांत. आधी घड्याळं जुळवावीत: फोननं सर्व्हरला सात-आठ वेळा वेळ विचारावी, त्यातली सर्वांत कमी वेळात परत आलेली फेरी धरावी, आणि पाठवणं व परत येणं यांच्या मधल्या क्षणाशी सर्व्हरची वेळ ताडून फरक काढावा. मग ‘अमुक वेळेला सुरू कर’ हा निरोप दहा सेकंद आधी, तीन वेळा पाठवावा. उशिरा मिळालेल्या फोननं सुरुवातीपासून न चालवता घड्याळ बघून मधूनच सामील व्हावं. तिकिटावरचा ब्लॉक, रांग आणि खुर्ची यांवरून जागेचे निर्देशांक काढायचे. छताखाली जीपीएस रांगही सांगू शकत नाही.

किती अचूकता पुरते? मेक्सिकन लाटेवर २००२मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात ती लाट सेकंदाला साधारण १२ मीटर, म्हणजे वीस खुर्च्या या वेगानं जाते आणि ती सुरू करायला पंचवीस-तीस माणसं पुरतात असं दिसलं होतं. दिव्यांची लाट त्याच वेगानं नेली तर २०० मिलिसेकंदांची चूक म्हणजे २.४ मीटर, चार खुर्च्या. लांबून ती कड किंचित मऊ दिसते, एवढंच. पण फोनचा टॉर्च पेटायला प्रत्येक मॉडेलला वेगळा वेळ लागतो, म्हणून टॉर्चनं सेकंदाला एकापेक्षा जास्त बदल करायला जाऊ नये. रंग हवे असतील तर स्क्रीन वापरावी आणि तो वेळ स्क्रीन झोपणार नाही याची सोय कोडमध्ये करावी. ध्वनिक्षेपकातून १८ ते २० किलोहर्ट्झचा, बहुतेक मोठ्या माणसांच्या कानाला न कळणारा संकेत सोडून फोन जागे करण्याची युक्तीही आहे. तिला माइकची परवानगी लागते आणि लोक ती देत नाहीत, हे योग्यच आहे. शिवाय आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. १७० मीटर दूरच्या खुर्चीला तो अर्धा सेकंद उशिरा मिळतो.

सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकणारा उजेड अपस्माराच्या काही रुग्णांना झटका आणू शकतो. वेबसाठीच्या सुलभता नियमांतली ही मर्यादा स्टँडभर पसरलेल्या उजेडाला तर आणखी काटेकोरपणे लावली पाहिजे, आणि ती यंत्रणेतच बांधावी, चालवणाऱ्याच्या आठवणीवर सोडू नये. खेळ चालू असताना दिव्यांचा कार्यक्रम नको. क्रिकेटमध्ये साइट स्क्रीनच्या वरचे आणि बाजूचे ब्लॉक कायमचे वगळावेत.

उशीर, क्यूआर, खाणं

फोनवरचं थेट चित्रण नेहमीच्या पद्धतीनं ६-६ सेकंदांच्या तुकड्यांत येतं आणि एकूण २०-३० सेकंद मागे पडतं. मैदानातल्या माणसाला ते ‘थेट’ म्हणून दाखवण्यात अर्थ नाही. त्याला तेच चित्र रिप्ले म्हणून, निवडलेल्या कोनातून, दहा सेकंदांच्या छोट्या फितीत द्यावं. याच उशिराचा फायदा घेऊन मैदानातून सट्टेबाजांना बातमी पोचवणारे असतात, तेव्हा अधिकृत स्कोअरचा अतिजलद फीड उघड्या जोडणीवर ठेवताना आयोजकांशी बोलून घ्यावं.

मोठ्या पडद्यावर क्यूआर कोड दाखवण्याआधी एक साधा ठोकताळा लावावा: वाचायचं अंतर भागिले दहा, एवढी कोडची रुंदी. १०० मीटरवरच्या माणसासाठी १० मीटरचा कोड लागेल. एवढा मोठा कुणी दाखवत नाही, म्हणून समोरचा स्टँड झूम करत बसतो. पुढच्या खुर्चीच्या पाठीवर ४ सेंटिमीटरचा कोड हे काम जास्त चांगलं करतो आणि त्यात खुर्चीचा क्रमांकही येतो. घासलं जाणारं स्टिकर असल्यानं ३० टक्के नुकसान सोसणारी पातळी वापरावी आणि कडेला चार चौकटींएवढी कोरी जागा सोडावी.

जागेवर खाणं मागवण्याची सोय ॲपमध्ये सहज होते, स्वयंपाकघरात होत नाही. एका खिडकीवर एका माणसाला ४० सेकंद लागत असतील तर १५ मिनिटांत २२ माणसं होतात. ॲपनं ती क्षमता वाढत नाही, मागणी फक्त वेळेत पसरवता येते. म्हणून प्रत्येक खिडकीला पाच-पाच मिनिटांचे कप्पे करून कप्पा भरला की बंद करावा आणि पुढची वेळ दाखवावी. मर्यादा न घालता ऑर्डरी घेतल्या तर मध्यंतर संपताना पैसे दिलेली आणि उपाशी माणसं खिडकीपाशी उभी असतात, आणि आता त्यांच्यापुढे रांगही नसते की आपला नंबर कधी हे कळावं.

ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही

दृष्टिहीन प्रेक्षकासाठीचं वर्णन गर्दीच्या आरोळीनंतर आलं तर त्याचा उपयोग संपतो. ॲपमधला आवाज साठवून वाजवला जातो, त्यामुळे दोन-तीन सेकंद सहज मागे पडतो. कमी पल्ल्याचा रेडिओ आणि कानातला छोटा रिसीव्हर ही जुनी सोय आजही सरस आहे; ॲप आलं म्हणून ती काढू नये. चेंडूची जागा बोटाखाली सरकवणारे स्पर्शफलकही आता बनतात. ते वर्णनाच्या जोडीनं द्यावेत, त्याच्याऐवजी नव्हे. ऐकू न येणाऱ्यांसाठी ध्वनिक्षेपकावरची प्रत्येक घोषणा पडद्यावर अक्षरांत यायला हवी, सुरक्षेची तर आधी. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे पुरुष शेकडा पाच ते आठ असतात, म्हणून कार्पेंटर यांच्यासारख्या पट्ट्या आणि मतदानाचे पर्याय आज करायचे तर निळे आणि नारिंगी करावेत, वर आकारही वेगळा द्यावा. भर उन्हात राखाडीवर राखाडी अक्षरं कुणालाच वाचता येत नाहीत. रात्री उलट: पांढरी स्क्रीन मागच्या रांगेच्या डोळ्यांत जाते, म्हणून काळी पार्श्वभूमी.

नियंत्रण कक्ष

प्रत्येक उपक्रम सुरू करणारा एकच माणूस असावा आणि त्याला सगळं एका झटक्यात शांत करणारं बटण हवं. खेळाडू जखमी होऊन पडलाय आणि पडद्यावर नाचणारी चित्रं चालू आहेत, असं कधीही होता कामा नये. प्रेक्षकांनी पाठवलेले फोटो पडद्यावर घेताना दोन माणसांनी पाहून होकार दिल्याशिवाय काहीही जाऊ नये; होकार आला नाही तर नकारच धरावा. जोडणी गेली तर प्रत्येक उपक्रमाचं बिनफोनचं रूप तयार हवं: मतदान नाही तर हात वर करून, कॅमेऱ्यानं मोजून.

पहिल्यांदा एकाच स्टँडमध्ये, कमी महत्त्वाच्या सामन्याला चालवून बघावं. किती जणांनी ॲप उघडलं यावरून फारसं काही कळत नाही. स्टँडकडे तोंड करून एक कॅमेरा लावावा आणि खेळ चालू असताना किती माना खाली आहेत ते मोजावं. तो आकडा उपक्रमाआधीपेक्षा वाढला असेल तर उपक्रम काढून टाकावा, मतं कितीही आली असली तरी.

सामना संपल्यावर शेवटची पंधरा मिनिटंही आखणीत धरावीत. पन्नास हजार माणसांना आता एकच गोष्ट हवी असते: कुठल्या दारानं बाहेर पडायचं. ब्लॉकनुसार दाराचा क्रमांक आणि बाण, नुसत्या अक्षरांत, २०० बाइटमध्ये पाठवावा; जाहिरात किंवा अभिप्रायाचा फॉर्म त्याच्या आधी येऊ देऊ नये. शेजारच्या ब्लॉकना वेगवेगळी दारं द्यावीत आणि ती दारं खरंच उघडी आहेत याची खात्री पाठवण्याआधी दारावरच्या माणसाकडून वायरलेसवर करून घ्यावी.